चौथ्या पटावरची बरोबरी

बुद्धिबळाच्या त्या स्पर्धेत चौथ्या पटावरचा डाव संपल्याशिवाय शेवटच्या फेरीची पेअरिंग लागणार नव्हती, आणि हॉलबाहेर ताटकळलेल्या पालकांना हे काही केल्या पटत नव्हतं. "एका डावासाठी सगळ्यांनी थांबायचं?" हो, सगळ्यांनी. स्विस पद्धतीत पुढे कोण कोणाशी खेळणार हे तोवरच्या गुणांवरून ठरतं. वरच्या पटांवरचा एक निकाल अडकला की त्याच्याखालची सगळी उतरंड अडकते. त्यातून ही फेरी शेवटून दुसरी होती आणि बक्षिसांची गणितं तिच्यावर होती.

स्पर्धा पुण्यातल्या एका मंगल कार्यालयात होती. खुली, फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) मानांकनाची, म्हणजे निकालावर खेळाडूच्या ताकदीचे गुण वाढणार-घटणार अशी. रोज दोन फेऱ्या, सकाळी साडेनऊला एक आणि दुपारी तीनला एक. प्रत्येक खेळाडूला 90 मिनिटं, शिवाय पहिल्या चालीपासून प्रत्येक चालीमागे 30 सेकंदांची भर. दुसऱ्या दिवशी कार्यालयात लग्न होतं, त्यामुळे मांडववाले दुपारपासूनच दारात डोकावून जात होते. मी त्या स्पर्धेत पंच होते आणि वरची वीस टेबलं माझ्याकडे होती. चालींचं थेट प्रक्षेपण करणारे इलेक्ट्रॉनिक पट पहिल्या तीनच टेबलांना होते. चौथ्या टेबलावर साधा पट, साधं डिजिटल घड्याळ आणि दोन कागद. पुढे जे झालं त्यात या साधेपणाचा मोठा हात होता.

पांढऱ्या मोहऱ्यांकडे जॉर्जियाहून आलेला ग्रँडमास्टर, वयाने पन्नाशीच्या आसपास, मानांकन 2490. काळ्याकडे आपल्याकडचा विशीतला इंटरनॅशनल मास्टर (ग्रँडमास्टरच्या एक पायरी खालचा किताब), मानांकन 2380. दोघांत 110 गुणांचं अंतर. एवढ्या अंतराला ग्रँडमास्टरकडून सरासरी 0.65 गुणाची अपेक्षा धरतात (विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा), म्हणजे बरोबरी झाली तर त्याचं मानांकन दीड गुणाने घटणार आणि समोरच्याचं तेवढंच वाढणार. बक्षिसाच्या हिशेबात तर अर्धा गुणही फार. तेव्हा वरच्या माणसाने लवकर हात मिळवावा असं काहीच कारण नव्हतं.

काळ्याने ग्रुनफेल्ड बचाव घेतला. घोडा, फियांकेटोची (उंट कोपऱ्याजवळ बसवायची) तयारी आणि तिसऱ्या चालीला वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे. ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने 1922 मध्ये ही पद्धत रूढ केली म्हणून तिला त्याचं नाव आहे. पण या चाली त्याच्याही आधी, 1855 मध्ये, कलकत्त्यात पटावर आल्या होत्या. मोहेशचंद्र बॅनर्जी नावाचा एक बंगाली खेळाडू जॉन कोक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टरविरुद्ध त्या खेळला. कोक्रेन कलकत्त्यात वकिली करायचा आणि मोहेशचंद्रांशी त्याचे कितीतरी डाव झाले. आपल्या देशी खेळात प्यादं पहिल्या चालीला एकच घर पुढे जातं. त्या सवयीतून आलेली ही प्यादी मागे ठेवून उंट कोपऱ्यात बसवायची खेळी साहेबाला नवी होती. या कोक्रेनचं नाव पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

मधला डाव मी थोडक्यात उरकते, कारण तेव्हा मी बहुतेक वेळ अकराव्या टेबलाजवळ होते. तिथे एक मुलगा दर दोन चालींनी पाणी प्यायला उठत होता आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याची तक्रार आली होती. चौथ्या पटाजवळ फेरी मारली तेव्हा वजीर गेलेले होते आणि पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त होतं. 38व्या चालीला काळ्याने बरोबरीचा प्रस्ताव ठेवला. पद्धत अशी की आधी पटावर चाल करायची, मग प्रस्ताव बोलायचा, मग घड्याळ दाबायचं, आणि दोघांनीही स्कोअरशीटवर, म्हणजे चाली लिहायच्या कागदावर, त्या चालीपुढे कंसात बरोबरची खूण करायची. आमच्या स्पर्धेत 30 चालींआधी आपसांत बरोबरी करायला मनाई होती, ती मर्यादा कधीच ओलांडली होती. ग्रँडमास्टरने मान वर केली नाही. हत्तीला हात लावला आणि खेळला. मोहऱ्याला हात लावला की प्रस्ताव नाकारला, असंच नियम मानतो. परत विचारायचं नाही, हे त्या मुलाला कळलं. काही खेळाडूंना कळत नाही. दर पाच चालींनी "ड्रॉ?" विचारणं हे समोरच्याला त्रास देणं समजलं जातं आणि त्यासाठी पंच खेळाडूला ताकीद देऊ शकतो.

दीड वाजून गेल्यावर 70व्या चालीला काळ्याने घोडा देऊन पांढऱ्याचं शेवटचं प्यादं उचललं. 71व्या चालीला पांढऱ्या राजाने तो घोडा मारला. आता पटावर पाचच मोहरे उरले, दोन राजे, दोन हत्ती आणि पांढऱ्याचा एक उंट.

हत्ती आणि उंट विरुद्ध हत्ती. हे अंत्यपर्व पाहिलं की पंचाच्या पोटात गोळा येतो. शास्त्राप्रमाणे ते बहुतेक वेळा बरोबरीत सुटतं, पण सोपं मुळीच नसतं. फ्रेंच उस्ताद फिलिडोरने 1749 मध्ये यातली एक जिंकण्याची स्थिती मांडून दाखवली होती, आणि जास्त मोहरे असलेला माणूस तासन्‌तास तिचाच पाठलाग करतो. भले भले यात पडले आहेत. 1996 मध्ये स्पेनमधल्या दोस एर्मानासच्या स्पर्धेत हंगेरीची ज्युडित पोल्गार हेच अंत्यपर्व जगज्जेत्या कास्पारोव्हविरुद्ध हरली. त्यामुळे "बरोबरीच आहे तर थांबवा की" असं म्हणणाऱ्यांकडे मी लक्ष देत नाही. पांढऱ्याला खेळत राहायचा पूर्ण हक्क आहे.

फक्त तो हक्क अमर्याद नाही. दोन्ही बाजूंच्या सलग 50-50 चालींत एकही मोहरा मारला गेला नाही आणि एकही प्यादं हललं नाही, तर ज्याची चाल आहे तो खेळाडू बरोबरीचा दावा करू शकतो. दावा खेळाडूने करायचा, पंचाने आपणहून नाही. 75 चाली झाल्या तर मात्र खेळाडू काही बोलो न बोलो, पंचाने डाव थांबवायचा. म्हणून 71व्या चालीपासून मी माझ्या वहीत काड्या ओढायला लागले. वही छातीशी धरून, कोणाला दिसणार नाही अशी. किती चाली झाल्या हे पंचाने खेळाडूला सांगायचं नसतं, चेहऱ्यावरही दाखवायचं नसतं.

मोजणीत एक मेख आहे आणि ती दरवर्षी कोणाला तरी नडते. 71वी चाल पांढऱ्याची, तीत मोहरा मारला गेला, म्हणून ती धरायची नाही. लगेचची काळ्याची 71वी मात्र धरायची. काळ्याच्या 50 चाली 71 ते 120, पांढऱ्याच्या 72 ते 121. म्हणजे काळ्याला दावा करायचा तर पांढऱ्याची 121वी चाल पटावर पडेपर्यंत थांबायला हवं. स्वतःच्या 120व्या चालीपाशीच घाई केली तर दावा फुकट.

काळ्याने बचाव कोणता घेतला हे सांगायला हवं, कारण तो पाहताना मला मनातल्या मनात हसू येत होतं. त्याने हत्ती नेऊन पांढऱ्या उंटाच्या समोर, त्याच रेषेत रोखून ठेवला. उंटाच्या पाठीशी पांढरा राजा. उंट हलला तर राजाला शह, म्हणून उंट जागचा हलू शकत नाही. ही गाठ सोडवायला राजा बाजूला सरकला की काळा राजा नेमका उलट्या दिशेला निघून जातो. राजा डावीकडे, तर हा उजवीकडे. याला कोक्रेनचा बचाव म्हणतात. तोच कलकत्त्याचा बॅरिस्टर. सकाळी मोहेशचंद्रांच्या चालींनी उघडलेला डाव दुपारी त्यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या नावाने वाचवला जात होता. बाजूच्या पंचाला हे कुजबुजून सांगायची फार इच्छा झाली, पण हॉलमध्ये बोलायचं नाही हा नियम आम्हालाही आहे.

घड्याळात दोघांचाही जुना वेळ संपत आला होता. काळा तर मिळणाऱ्या 30 सेकंदांवरच जगत होता. चालीमागे वेळ वाढवत जाणाऱ्या घड्याळाचं पेटंट माजी जगज्जेत्या बॉबी फिशरला 1989 मध्ये मिळालं. आम्हा पंचांवर त्याचे उपकार आहेत. आधीच्या घड्याळांत शेवटची दोन मिनिटं उरली की खेळाडू येऊन म्हणायचा, "समोरचा जिंकायचा प्रयत्नच करत नाही, नुसता माझा वेळ संपवतोय, बरोबरी द्या." मग खरंच प्रयत्न चाललाय का हे पंचाने पाहून ठरवायचं. म्हणजे स्वतःपेक्षा दुप्पट ताकदीच्या खेळाडूच्या मनात काय आहे ते ओळखायचं. आता तो प्रश्न नाही. शिवाय 30 सेकंदांची भर असेल तर चाली शेवटपर्यंत लिहाव्याच लागतात, कितीही घाई असली तरी. वेळ कमी आहे म्हणून लिहिणं सोडता येत नाही.

स्कोअरशीटवर 60 चालींची जागा असते. दोघांनाही दुसरा कागद दिला होता. काळ्याचं अक्षर शाळेतल्या वहीसारखं गोल. ग्रँडमास्टर रशियन अक्षरांत लिहीत होता. नियमाप्रमाणे मोहऱ्यांची आद्याक्षरं आपापल्या भाषेत लिहायला हरकत नसते. आमच्या मुख्य पंचांना ती अक्षरं वाचता येतात. मलाही हत्ती, उंट आणि राजापुरती येतात, आणि या डावात तेवढीच पुरे होती.

96व्या चालीला काळ्याने घड्याळ थांबवलं.

हात वर करून तो म्हणाला, "मॅडम, थ्रीफोल्ड." मी जवळ गेले. त्याने चाल पटावर केली नव्हती, कागदावर लिहिली होती, हत्तीची. हे त्याने अगदी बरोबर केलं. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की बरोबरी मागता येते. ती येणार असेल तर ती आणणारी चाल आधी लिहायची, पंचाला सांगायची, मोहऱ्याला हात लावायचा नाही. आधी खेळून मग दावा केला तर ऐकला जात नाही, कारण तोवर पाळी समोरच्याची झालेली असते. आणि एकदा लिहून दावा केला की ती चाल बदलता येत नाही, दावाही मागे घेता येत नाही.

मुख्य पंच आले. शेजारच्या रिकाम्या पटावर आम्ही 71व्या चालीनंतरची स्थिती मांडली आणि काळ्याच्या कागदावरून एकेक चाल करत गेलो. दोन्ही खेळाडू बाजूला उभे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ती स्थिती 84व्या चालीला, नंतर 91व्या चालीला आली होती आणि आता 96व्या चालीला तिसऱ्यांदा येणार होती. तिन्ही वेळा मोहरे खरंच त्याच घरांत होते. पण 84व्या वेळी ती काळ्याच्या चालीने आली होती, म्हणजे पाळी पांढऱ्याची. 91व्या वेळी ती पांढऱ्याच्या चालीने आली, पाळी काळ्याची. मधल्या काळात ग्रँडमास्टरने उंटाचा एक फेरा जास्त घालून पाळी उलटवली होती. घरं तीच असली आणि पाळी वेगळी असली तर नियमाच्या लेखी ती वेगळी स्थिती. दावा फेटाळला.

यात लाजण्यासारखं काही नाही. 1986 मध्ये नेदरलँड्समधल्या टिलबर्गला माजी जगज्जेत्या कारपोव्हने इंग्लंडच्या टोनी माइल्सविरुद्ध असाच दावा केला, आणि तो पंचांनी मान्यही केला. डाव बरोबरीत सुटला आणि मग लक्षात आलं की पहिल्या वेळी काळ्याला वजिराच्या बाजूला कॅसलिंग (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) करायचा हक्क शिल्लक होता, नंतरच्या दोन वेळा नव्हता. म्हणजे स्थिती तिसऱ्यांदा आलेलीच नव्हती. पटावरचे मोहरे बघून हे कधीच कळत नाही. त्यासाठी कागदावरून मागे जावं लागतं.

चुकीच्या दाव्याबद्दल प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जास्त मिळतात. घड्याळ थांबवलेलं असताना थांबवायचंच बटण तीन सेकंद दाबून धरायचं, मग एकेक आकडा पुढे सरकवत नेमका त्याच्याच बाजूचा वेळ बदलायचा, दुसऱ्या बाजूला धक्का न लावता. मी ते करत होते. नियमाप्रमाणे काळ्याला लिहिलेली चाल खेळावीच लागली. घड्याळ सुरू झालं आणि ग्रँडमास्टरने पेन न उचलता तडक उत्तर दिलं. काळ्यानेही लगेच दिलं. आधी खेळून मग लिहिलं तर चालतं, पुढची चाल करण्याआधी मागची लिहिलेली असली की झालं. तो वाकून लिहायला लागला आणि मी मागे सरकले.

बाहेर आता दोन वाजून गेले होते. दाराच्या काचेला नाकं लागलेली. एक आजोबा नातवाला समजावत होते, "अरे, पाच मोहऱ्यांत काय एवढं बघायचं, ड्रॉच आहे हा." मांडववाल्याचा माणूस दुसऱ्यांदा विचारून गेला. आणि दोरीच्या पलीकडे एक बारका मुलगा बोटांवर मोजत होता, ओठ हलवत, आवाज न करता, पण काळ्याला दिसेल अशा जागी उभा राहून. कोणाचा शिष्य वगैरे नव्हता, त्याला नुसतीच मजा वाटत होती. तरीही हरकतच. खेळत नसलेल्या कोणीही डावात कसलीही ढवळाढवळ करायची नाही, त्यात चाली मोजून दाखवणंही आलं. मी त्याला खुणेने माझ्या मागे उभं केलं. मग तो माझ्या वहीत डोकावायला लागला. वही मिटली.

113व्या चालीला हॉलमधले दोन-तीन चांगले खेळाडू एकदम पुढे झुकले. काळा राजा पटाच्या कडेला होता आणि तो चुकीच्या बाजूला सरकला, एवढं माझ्यासारखीलाही जाणवलं. ग्रँडमास्टर बराच वेळ हलला नाही. दोन मिनिटं जास्त मिळाली होती ती त्याने इथे खर्च केली. मग त्याने एक साधी हत्तीची चाल केली, राजा परत आपल्या जागी गेला आणि झुकलेली डोकी मागे झाली.

पांढऱ्याची 121वी चाल पडली. काळ्याने ती लिहिली, आपला कागद वरपासून खालपर्यंत बोटाने तपासला, घड्याळ थांबवलं. "फिफ्टी मूव्ह्ज, मॅडम."

"नो," ग्रँडमास्टर म्हणाला. "फोर्टी-नाइन." आणि त्याने आपला कागद माझ्यासमोर ठेवला. त्याच्या कागदावर शेवटच्या चालीचा क्रमांक 120 होता.

माझ्या काड्या 50 सांगत होत्या. पण "पंच म्हणतात म्हणून" हे अशा वेळी चांगलं उत्तर नसतं. दोन कागद वेगळं बोलत असतील तर त्यातला कोणता खोटा पडतो हे पटावर दिसलं पाहिजे, तेही ज्याच्याविरुद्ध निकाल जाणार आहे त्याला. मुख्य पंचांनी पुन्हा शेजारच्या पटावर 71व्या चालीची स्थिती लावली. आधी काळ्याचा कागद. मी वाचत गेले, ते चाली करत गेले, आणि डाव एकही चाल न अडखळता समोरच्या खऱ्या स्थितीला येऊन मिळाला. मग मोहरे परत मागे नेऊन पांढऱ्याचा कागद. आता वाचायला मुख्य पंच, चाली करायला मी. 96पर्यंत सगळं जुळलं. 97च्या ओळीत पांढऱ्याची चाल लिहिली होती, हत्ती जी-1. पटावर पांढरा हत्ती बी-7मध्ये उभा. एका चालीत तिथून जी-1ला हत्ती जाऊ शकत नाही.

सगळे क्षणभर थांबलो. मग ग्रँडमास्टरनेच बोट ठेवलं. "हिअर." दावा फेटाळल्यानंतर ज्या दोन चाली भराभर झाल्या त्याच नेमक्या त्याच्या कागदावर नव्हत्या. हत्ती आधी बी-1ला आला होता आणि तिथून पुढच्या चालीला जी-1ला गेला. मधली जोडी लिहायची राहून गेली आणि तिथून खाली प्रत्येक क्रमांक एकाने मागे पडला. त्याने 49 मोजले ते त्याच्या कागदाप्रमाणे अगदी प्रामाणिक होते.

तो हसला, काळ्यापुढे हात केला. पावणेतीन झाले होते. दोघांनी दोन्ही स्कोअरशीटवर निकाल लिहून सह्या केल्या आणि मूळ प्रती माझ्याकडे दिल्या. मी पळत जाऊन अर्धा-अर्धा गुण सांगितला, कॉम्प्युटरवर बसलेल्या पंचाने तो भरला आणि बाहेर आरडाओरड झाली. पेअरिंगचा कागद भिंतीवर लागेपर्यंत त्या दोघांकडे कोणाचंही लक्ष नव्हतं.

मी पाणी प्यायला मागच्या अंगणात गेले तर दोघं तिथेच बाकावर, मोबाइल परत मिळाल्यामुळे टेबलबेस उघडून बसलेले. सात मोहऱ्यांपर्यंतच्या प्रत्येक स्थितीचं पक्कं उत्तर संगणकाने काढून ठेवलेलं आहे. पाच मोहऱ्यांचं तर केव्हाच. त्यांनी 113वी स्थिती लावली होती. पडद्यावर पांढरा जिंकतो असं येत होतं. काळ्याचा चेहरा उतरला. ग्रँडमास्टरने डोकं हलवून आकड्यावर बोट ठेवलं. हत्ती पाडायला किंवा मात करायला 18 चाली लागणार होत्या.

"आय हॅव एट," तो म्हणाला.

मी मनात मोजलं. 114 ते 121, आठच. म्हणजे ती जिंकण्याची स्थिती जिंकता येणार नव्हती. अचूक खेळला असता तरी आठ चालींनी काळ्याने घड्याळ थांबवलं असतं. म्हणूनच तो तिथे एवढा वेळ बसला होता. विजय शोधायला नव्हे, आठ चालींत बसणारी एखादी आडवाट दिसते का ते बघायला. पण कागदाप्रमाणे त्याला नऊ दिसत होत्या की आठ, हे मी विचारलं नाही.

या अंत्यपर्वात अचूक खेळूनही काही स्थितींत 59 चाली लागतात हे संगणकाने दाखवल्यावर फिडेने एके काळी अशा स्थितींसाठी मर्यादा 100 चालींवर नेली होती. त्याच काळात, 1989 मध्ये, बेलग्रेडला इव्हान निकोलिच आणि गोरान आर्सोविच यांचा डाव झाला. 269 चाली, वीस तासांहून जास्त, शेवटी हत्ती-उंट विरुद्ध हत्ती, आणि निकाल बरोबरी. 1992 मध्ये ती सवलत काढून टाकली आणि सगळ्यांना पुन्हा 50. मला हे योग्य वाटतं. संगणकाच्या दृष्टीने काही विजय वाया जातात, जाऊ देत. वाचवणाऱ्याने 50 चाली तग धरला, तर त्याने आपलं काम केलं. चाली मोजणं हाही खेळाचाच भाग आहे, आणि त्या दिवशी दोघांतला एकजण ते दुसऱ्यापेक्षा नीट करत होता.

ड्रॉ म्हणजे काही झालंच नाही, हे मी सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा बघत मोठी झाले तेव्हापासून ऐकते आहे. 2025च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांचे क्लासिकल प्रकारातले दोन्ही डाव बरोबरीत सुटले, तेव्हा आमच्या ऑफिसात "दोन दिवस काहीच नाही झालं का?" असं विचारलं गेलं. मी उत्तर दिलं नाही. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असते.

शेवटची फेरी पावणेचारला सुरू झाली. ग्रँडमास्टर काळ्या मोहऱ्यांनी 26 चालींत जिंकला आणि सगळ्यांआधी उठला. आपला इंटरनॅशनल मास्टर फार दमला होता. पांढरे मोहरे मिळूनही त्याने 17व्या चालीला माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "मॅडम, ड्रॉ करायला 30 चाली कंपल्सरी आहेत ना?" मी मान डोलावली. तो 30 चाली खेळला, 31वी पटावर केली आणि मग प्रस्ताव दिला. समोरच्याने ताबडतोब हात पुढे केला.